वीस पांढऱ्या बंड्या

सुरुवातीलाच सांगून टाकतो की माझ्या मुलीचं लग्न झालेलं नाही, ठरलेलंही नाही, आणि फेब्रुवारीत सिंदेवाहीजवळ जी निघाली ती तिची वरात नव्हती. ती परीक्षा होती. पोलीस ठाण्याच्या कागदावर 'वरात' लिहिलंय हे मला मान्य आहे. खाली सही माझी आहे हेही मान्य आहे. पण माणूस अशी सही कोणत्या परिस्थितीत करतो हे कोणी विचारत नाही. सगळे फक्त विचारतात, जेवण कधी?

परीक्षा सैनिकी रसदीची होती. रसद म्हणजे फौजेला लागणारं पीठ, मीठ, तंबू, औषधं, चपला, जे काय असेल ते, हवं तिथे आणि हवं तेव्हा पोचवणं. बंदूकवाला सगळ्यांना दिसतो. त्याच्या पोटात दुपारी काय गेलं याची काळजी करणारा कोणालाच दिसत नाही. तर हे काम नव्याने करू पाहणाऱ्या पोरापोरींना शिकवून प्रमाणपत्र देणारा एक प्राथमिक अभ्यासक्रम पुण्याकडच्या एका संस्थेने काढला, आणि आमची उर्वशी त्यांच्या नागपूरच्या वर्गात शिकत होती. हे प्रमाणपत्र हातात पडलं की फौजी कोठारातल्या साहाय्यकाच्या जागेला अर्ज करता येतो. अर्जाची मुदत मार्चअखेर, आणि पुढच्या वर्षी उर्वशी वयात बसत नव्हती. म्हणजे याच फेब्रुवारीत पास झाली तर झाली, नाहीतर पोरीने तीन वर्षं धरलेला हट्ट संपला.

शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा जंगलभागात घ्यायची असं संस्थेने ठरवलं. जंगलभाग म्हणजे आम्ही. त्यासाठी एक स्थानिक संयोजक हवा होता. उर्वशीने वर्गात हात वर करून सांगितलं की माझे बाबा ऊर्जानगरला वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये आहेत. स्टोअर हा शब्द ऐकताच परीक्षकांनी माझा फोन नंबर मागून घेतला. मला यात आश्चर्य वाटलं नाही. माझी सारी नोकरी नटबोल्ट, पट्टे आणि ग्रीसचे डबे मोजण्यात गेली आहे. देशाला कधीतरी माझी आठवण येईल असं मी घरात बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा रंजीता, म्हणजे आमची मंडळी, गॅसवरच्या भाजीकडे बघत होती.

संयोजकाला एकच अट होती. परीक्षेबद्दल उमेदवाराशी एक शब्दही बोलायचा नाही. मी ती अट इतकी मनावर घेतली की उर्वशीचा नागपूरहून फोन आला की मी मोबाईल रंजीताच्या हातात देऊन गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

परीक्षक होते निवृत्त सुभेदार मेजर फडतरे. गाव सातारा जिल्ह्यातलं. आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी चालायचं. त्यांचा बाणा होता की मराठी माणसाने मराठी बोलावं आणि इंग्रजी शब्दाला तोंडात थारा देऊ नये. ट्रकला ते मालमोटार म्हणत, कॉन्व्हॉयला ताफा म्हणत, आणि माझ्या स्टोअरला कोठार म्हणत. कोठारपाल खोब्रागडे, असं त्यांनी मला पहिल्याच फोनवर संबोधलं तेव्हा मी बसल्या जागी ताठ झालो.

"खोब्रागडे, वीस बंड्या लागतील," दुसऱ्या फोनवर ते म्हणाले.

आता आमच्याकडे बंडी म्हणजे बैलबंडी. बैल जुंपायचे, धानाची पोती टाकायची आणि हाकायची, ती. दुसरी बंडी आमच्या बापजाद्यांनी पाहिलेली नाही.

"वीस, साहेब?"

"वीस उमेदवार, वीस बंड्या. एकेकाला एकेक."

"कशा पाहिजेत?"

"पांढऱ्या. एका मापाच्या. लांबून दिसल्या पाहिजेत. आणि मागच्या बाजूला ठळक आकडे घाला, एक ते वीस."

"नव्याच लागतील का साहेब? आजकाल मिळत नाहीत."

"जुन्या चालतील की. धुऊन आणल्या म्हणजे झालं. आणि बाजूंनी मोकळ्या बघा. काम करताना हात अडकायला नकोत."

"मोठ्या घेऊ?"

"नको, नको! मध्यम. मोठीत पोरगी हरवते."

हेही मला पटलं. मोठ्या बंडीत उंचीने कमी असलेली पोरगी खरोखरच दिसत नाही. मी शेवटचं विचारलं, "आत काही टाकायचं का, साहेब?" माझ्या मनात तणीस होती, धानाचा पेंढा.

"आत उमेदवार असेल की! अजून काय टाकणार?" असं म्हणून ते गडगडून हसले. मीही हसलो. दोन अनुभवी माणसांचं एकमेकांशी जमतं तसं आमचं जमलं होतं.

फोन ठेवल्यावर रंजीताने विचारलं, "काय म्हणून राह्यले साहेब?"

वास्तविक ही गुप्त बाब होती. पण वीस बैलबंड्या घरच्या माणसापासून लपवणं अवघड असतं, म्हणून मी सांगितलं.

"मिलिटरीले टरक नाई भेटत का?" ती म्हणाली. "तुमी एकदा साहेबाले पुसून काऊन नाई घेत?"

"फौजेत हुकूम परत पुसत नसतात."

"तुमी कई गेल्ते फौजेत?"

मी पायात चपला सरकवल्या. मी शेजारच्या पिंपळशेंडेंकडे गेलो. श्रीहरी पिंपळशेंडे बॉयलर विभागातून निवृत्त झाले, पण सल्ला देण्यातून झाले नाहीत. त्यांना बातम्यांमधलं सगळं युद्ध तोंडपाठ असतं.

"बरोबर हाये," ते डोळे मिटून म्हणाले. "डिझेल संपलं त काय करशीन? पूल पडला त काय करशीन? पहाडात अजून खच्चर चालते. आपल्या जंगलात काय चालन? बंडी! अन् पांढरे बैल काऊन सांगतले, समजलं का तुले?"

"काऊन?"

"अंधारात दिसते."

"मग दुश्मनालेबी दिसन ना, भाऊ."

पिंपळशेंडेंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "तू स्टोअरचा माणूस हायेस," ते म्हणाले. "हे तुह्या डोक्यावरचं काम हाये." बैल पांढरे हे मात्र आमचं दोघांचंही ठरलं, कारण लाकडाची बंडी काही पांढरी नसते. म्हणजे पांढरं काय असणार? याला तर्कशास्त्र म्हणतात.

तर वीस बंड्या. सांगायला सोपं आहे. आज सिंदेवाही तालुक्यात कोणत्याही गावात जा, धान ट्रॅक्टरने येतं, शेणखत ट्रॅक्टरने जातं. बंड्या अंगणात चाकं काढून पडल्या आहेत आणि त्यांच्यावर कोंबड्या बसतात. मी सलग तीन रविवार मोटारसायकलवर गावं पालथी घातली. कुठे बंडी होती तर बैल नव्हते. कुठे बैल होते तर ते तांबडे. एका गावात पांढरी जोडी मिळाली पण तिच्यातला एक बैल दुसऱ्याच्या खांद्याला लागत होता, आणि साहेबांनी एका मापाच्या सांगितल्या होत्या.

शेवटी रंजीताच्या माहेरच्या गावचे लटारूभाऊ भेटले. कमरेला दुपट्टा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि बैलांच्या बाबतीत शब्द सुप्रीम कोर्टाचा.

"पांढरे, एका मापाचे, तगडे," त्यांनी माझी मागणी बोटांवर घोळवली. "असे बैल कोनाकडं असते सांगू का? पट खेळणाऱ्याकडं. बाकीचे कायले सांभाळन एवढे सुंदर बैल?"

पट म्हणजे आमचा शंकरपट, बैलांची शर्यत. संक्रांतीपासून झाडीपट्टीत गावोगाव पट भरतात. घरच्या रोटीला मिळत नाही एवढं तूप पटाच्या बैलाला मिळतं. लटारूभाऊंनी चार दिवसांत पंचक्रोशीतल्या पटाच्या जोड्या बोलावल्या. सगळ्यांना सांगितलं की मिलिटरीचं काम आहे. त्यामुळे कोणी नाही म्हणालं नाही, उलट दोघांनी तर आपापले तांबडे बैल चुन्याने रंगवून चालतील का असंही विचारलं.

आता धुणं. हुकूम होता, धुऊन आणा. वीस बंड्या गावच्या तळ्यावर एकाच वेळी उतरल्या तेव्हा घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. मग आकडे. लाल रंगाचा डबा घेऊन मी मागच्या फळ्यांवर आकडे टाकायला लागलो तर सगळ्यांना एक नंबर हवा होता. पटाच्या माणसाला चौदा नंबर लावून घेणं म्हणजे अपमान. लटारूभाऊंनी चिठ्ठ्या टाकल्या, दोघांचं बोलणं बंद झालं, आणि त्यातल्या एकाने रात्रीतून स्वतःच्या चौदातला चार पुसून टाकला. पुढे त्या बंडीला एकही म्हणत नव्हते आणि चौदाही म्हणत नव्हते, नुसतं 'ते भांडणवाली' म्हणत.

शाळेचं जे मैदान आधी ठरवलं होतं त्यात वीस बंड्या मावेनात. एवढी जागा एकाच ठिकाणी होती, पटाच्या मैदानावर. लांब, सरळ, दोन्ही बाजूंनी मोकळं. मी साहेबांना कळवलं की जागा बदलली आहे, बंड्यांसाठी मोठी घेतली आहे. ते म्हणाले, "बंड्यांना कसली जागा लागते?" मग स्वतःच म्हणाले, "बरं, बदलायची खोली वगैरे असेल. तुमचं नियोजन चोख आहे हो." मी नम्रपणे आभार मानले. सरकारी कामात बदलायची खोली हा काय प्रकार असतो याचा विचार करण्याइतका वेळ नव्हता, कारण परवानग्या राहिल्या होत्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी चाळीस बैल तपासून दिले आणि वर विचारलं की हे सगळे एकदम सुदृढ कसे. वननाक्यावर विचारलं, रिकाम्या जाणार की लाकूड भरून येणार. हे सगळं निभावलं. अडलं पोलीस ठाण्यात. तिथले कारकून फार सज्जन गृहस्थ होते आणि त्यांच्याकडे छापील नमुना होता.

"मोर्चा हाये का?" त्यांनी विचारलं.

"नाही, परीक्षा."

"बैलाची?"

"उमेदवारांची. अधिक सांगता येत नाही. सैनिकी बाब आहे."

त्यांनी कागद फिरवून माझ्यासमोर धरला. "हे पाहा भाऊ. रस्त्यावर वीस बंड्या एका लायनीत चालाच्या असतीन त नमुन्यात तीनच गोष्टी हायेत. मोर्चा, धार्मिक मिरवणूक, वरात. मोर्चा म्हणान त वरून मंजुरी, आठ दिवस. मिरवणूक म्हणान त कमिटी पाहिजे. वरात म्हणान त आत्ता देतो."

परीक्षा परवावर आली होती. मी वरात म्हणालो.

"पोरगी कोनाची?"

"माझीच," मी म्हणालो. खोटं काय होतं त्यात?

संध्याकाळी मी ऊर्जानगरला पोचेपर्यंत बातमी पोचली होती. क्वार्टरच्या जिन्यात चार बाया रंजीताला घेरून उभ्या. पोरगा काय करतो, हळद कुठे, आम्हाला परके समजलात. पिंपळशेंडे तर रुसूनच बसले. "गुप्त बाब हाये म्हणे! वीस बंड्याची वरात, अन् शेजाऱ्याले पत्रिका नाई!" मी त्यांना परीक्षेचं सांगू लागलो तर ते म्हणाले, "राहू दे प्रफुल, आता बहाने नको करू." रंजीताची मावशी सुगंधाबाई माजरीहून फोनवर रडली. रंजीता रात्रभर सगळ्यांना फोन करून लग्न नाही असं सांगत होती, आणि ती जितकं नाही म्हणत होती तितका लोकांचा विश्वास वाढत होता.

परीक्षेचा दिवस उजाडला. सांगायला अभिमान वाटतो, मैदान बघण्यासारखं झालं होतं. वीस बंड्या एका रेषेत, धुतलेल्या. चाळीस पांढरे बैल, शिंगांना तेल, गळ्यात घुंगरं. मागे लाल आकडे, 'भांडणवाली' वगळता सगळे स्पष्ट. बंदोबस्ताला आलेला हवालदार वरातीत वाटतात त्या गुलाबाच्या फुलाची वाट बघत उभा. आणि मैदानाच्या कडेला पिशवीत आहेराचा प्रेशर कुकर घेऊन सुगंधाबाई. तिने फोनवरचं काहीही ऐकलं नव्हतं.

नागपूरहून बस आली. उमेदवार उतरले. उर्वशी उतरली, तिने बंड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ती जागच्या जागी थांबली. तिच्यामागून सुभेदार मेजर उतरले. कोट, पदकं, भरदार मिशा. हवालदाराने लगेच पुढे होऊन त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "तुमी नवरदेवाचे वडील का?"

सुभेदारांनी त्याला हातानेच बाजूला केलं. "खोब्रागडे," ते म्हणाले, "बंड्या कुठायत?"

मी हात लांब करून सगळ्या मैदानावरून फिरवला.

"ह्या बैलगाड्या आहेत."

"होय साहेब. वीस. पांढऱ्या. एका मापाच्या. धुतलेल्या."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग त्यांनी स्वतःच्या कोटाची दोन्ही टोकं धरून बाजूला केली आणि आतलं बिनबाह्यांचं जाकीट मला दाखवलं. "बंडी!" ते ओरडले. "अंगात घालायची! उमेदवार ओळखू यावा म्हणून! पाठीवर आकडा!"

त्या क्षणी मला फोनवरचं प्रत्येक वाक्य आठवलं. मोठीत पोरगी हरवते. बाजूंनी मोकळी. बदलायची खोली. लटारूभाऊ बाजूलाच उभे होते. त्यांनी खर्रा गालात सरकवला आणि शांतपणे विचारलं, "मंग बनियान सांगाले काय झाल्तं यायले?"

सुभेदार कागद मिटायला लागले. नियम पक्का होता. परीक्षकाने दुरून उमेदवाराला आकड्यावरून ओळखायचं आणि गुण द्यायचे. बंड्या नाहीत, आकडे नाहीत, तर परीक्षा नाही. पुढची तुकडी पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी म्हणजे उर्वशीसाठी कधीच नाही, आणि हे माझ्या हातून झालं होतं. बाकी कोणी नाही, बापाने केलं होतं.

"साहेब," उर्वशी पुढे येऊन म्हणाली. ती ताठ उभी होती. "आकडे तर आहेत. बंडीवर आहेत. एकेकाला एकेक बंडी द्या. बंडीचा आकडा तोच उमेदवाराचा. तुम्हाला जाकिटापेक्षा लांबून दिसतील."

"आणि मालमोटारी? दोन सांगून ठेवल्यात मी."

"त्या मागून रिकाम्या येऊ द्या, साहेब. वर्गात तुम्हीच शिकवलं, वाहन नाही मिळालं तर मिळेल ते वाहन."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. बैलांकडे बघितलं. शेवटी तेही शेतकऱ्याच्या घरचे, आणि जोड्या खरंच देखण्या होत्या. "माल चढवा," ते म्हणाले.

पुढचा तास माझ्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. पोरापोरींनी तंबू, तांदळाची पोती, कांदे, बटाटे, औषधांच्या पेट्या मोजून, तोलून, दोऱ्या आवळून बंड्यांवर चढवल्या. जंगलाकाठच्या एका गावाबाहेर तळ पडणार होता, तिथे दुपारच्या जेवणाआधी सगळा माल धड पोचला पाहिजे, अशी परीक्षा. उर्वशीकडे वीस नंबरची बंडी, म्हणजे लटारूभाऊंची, आणि तिच्यात मुद्दाम परीक्षेसाठी ठेवलेली अंडी. तणसात बसवलेली, वरून घोंगडी. सुभेदारांनी स्वतः घोंगडी उचलून बघितली आणि मान हलवली.

मग ते रेषेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. ताफा निघण्याची खूण म्हणून त्यांच्या हातात हिरवा झेंडा होता.

"भाऊ," उर्वशी लटारूभाऊंना विचारत होती, "हे बैल वखराचे होत ना?"

"वखराचे? छ्या! परवाच पट मारून आली ना हे जोडी!"

"झेंडी पाहून पळते का?"

"मंग? झेंडी पडली का बैल उडला!"

उर्वशी बंडीतून उडी टाकून धावत सुटली. "साहेब! झेंडी नका दाखवू! साहेब!"

झेंडा खाली आला.

आयुष्यात पहिल्यांदाच वीस जोड्यांचा पट झाला असेल. एरवी दोनच जोड्या सोडतात. चाळीस बैलांना वाटलं, आज मोठाच मान आहे. धूळ उठली, घुंगरं वाजली, बंडीवाले मिलिटरी विसरून उभे राहिले आणि "हाऽऽऽ" करून ओरडू लागले. उमेदवारांनी फळ्या धरल्या. बटाटे उडाले. कांदे उडाले. एक तंबू हवेत आपोआप उघडला. 'भांडणवाली' सगळ्यांच्या पुढे होती आणि तिचा मालक मागे वळून एक नंबरवाल्याला काहीतरी म्हणत होता. कडेला हवालदार टाळ्या वाजवत होता. सुगंधाबाईने कुकर डोक्यावर धरला होता, का ते तिलाच ठाऊक.

मैदान संपलं तसे बैल थांबले. पटाचा बैल रेषा संपली की थांबतो. नंतर तो बक्षिसाची वाट बघतो. सतरा बंड्या थांबल्या, दोन रस्त्याला लागून पुढे गेल्या, आणि अकरा नंबरची जोडी औषधांसकट सरळ आपल्या गावी निघून गेली.

सुभेदार तसेच उभे होते. झेंडा खालीच होता.

पुढचं काम उर्वशीने केलं, हे मी बाप म्हणून सांगत नाही. तिने आधी सगळ्या पोरांना हाक देऊन कोणाला लागलं का विचारलं. एकाचा गुडघा फुटला होता, त्याला मालमोटारीत बसवलं. दोघांना अकरा नंबरच्या मागे पाठवलं. बाकीच्यांनी मैदानभर बटाटे वेचले, हवालदारानेही वेचले. मग तिने लटारूभाऊंना विनंती केली की बैलांना झेंडी, शिटी, आरोळी काही नको, नुसतं हळू चालवा. लटारूभाऊंनी बंडीवाल्यांना असं काही सुनावलं की बैलसुद्धा खाली मान घालून चालले. दुपारी जेवणाआधी सगळा माल तळावर होता. औषधंही आली. फक्त उर्वशीची अंडी नव्हती. घोंगडीखाली पिवळी तणीस होती.

जेवण झालं. वीस उमेदवारांचं होतं, त्यात वीस बंडीवाले, हवालदार आणि सुगंधाबाई जेवले, आणि भात तिच्याच कुकरमध्ये दोनदा जास्तीचा लावला. मग मोहाच्या झाडाखाली सुभेदार खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला बोलावू लागले. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच होता. आजच्या अपघाताचं मूळ कारण काय?

मी झाडामागे उभा होतो. मला तिथे उभं राहायचा अधिकार नव्हता. कोणी म्हणालं, बैल. कोणी म्हणालं, झेंडा. एक पोरगा म्हणाला, बंडीवाल्यांना प्रशिक्षण नव्हतं. सुभेदार लिहून घेत होते, चेहऱ्यावर काही नाही. अंड्यांचे गुण गेलेच होते. आता उर्वशीचं पास होणं या एका उत्तरावर होतं, हे मला आणि तिला दोघांनाही कळत होतं.

"बोला, वीस नंबर."

"साहेब, अपघात झेंड्यामुळे झाला. पण मूळ कारण ते नाही." तिची नजर माझ्यावर पडली. मी डोळ्यांनी बैलांकडे खुणावलं. बैल म्हण बाई, बैल. बैलाला काही फरक पडत नाही.

"मूळ कारण, हुकूम तपासला नाही."

"कोणी?"

"ज्यानं घेतला त्यानं. बंडी म्हणजे नेमकं काय, ते परत विचारून घेतलं नाही. स्थानिक संयोजकानं."

"संयोजक कोण?"

"माझे बाबा."

मी झाडाला टेकलो. सगळे बंडीवाले माझ्याकडे बघत होते.

"एवढंच?" सुभेदारांनी विचारलं.

"नाई, साहेब," ती म्हणाली, आणि घाबरली की तिची बोली आपोआप येते तशी आली. "हुकूम देणाऱ्यानंबी पुसलं नाई. समोरच्याले काय समजलं, ते पुसाले पाहिजे होतं. चूक दोघायची हाये."

"हुकूम देणारा कोण?"

"तुमी, साहेब."

लटारूभाऊंनी चघळणं थांबवलं. सुभेदार मेजर फडतरे त्या पोरीकडे बघत राहिले. माझी पोरगी त्यांच्या डोळ्यांत बघत उभी होती, हात बाजूला, मुठी आवळलेल्या.

"बापाचं नाव घेतलंत," ते शेवटी म्हणाले. "वर माझंही घेतलंत. निकाल माझ्या हातात आहे हे माहीत असून."

"होय, साहेब."

"अंड्यांच्या ठिकाणी उद्या माणसं असतील. तेव्हा असंच सांगाल?"

"होय, साहेब."

सुभेदार उभे राहिले. त्यांनी कोट नीट केला. "माझं चुकलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "शब्द माझ्या गावचा होता आणि मी तो सगळ्या देशाचा समजलो. वीस नंबर, उत्तीर्ण."

टाळ्या कोणी आधी सुरू केल्या ते मला दिसलं नाही. सुगंधाबाई म्हणाली की आता हिचं लग्नही उरकून टाका, सगळे जमलेच आहेत. उर्वशी सुभेदारांना सलाम करून सरळ माझ्याकडे आली. इतक्या लोकांसमोर तिने बापाची चूक सांगितली होती आणि ती अजिबात शरमलेली नव्हती.

"बाबा, राग आला का तुमाले?"

राग आला होता. आणि ती पास झाली होती. दोन्ही एकदम सांभाळायची मला सवय नाही, म्हणून मी तिचं डोकं छातीशी धरून सगळ्यांसमोर रडलो.

"काऊन रडून राह्यले?" ती विचारत होती.

लटारूभाऊंनी कमरेचा दुपट्टा सोडून माझ्या हातात दिला. त्याला बैलांचा वास येत होता. मी त्यानेच तोंड पुसलं.